पाहुणा उतरवायचा कुठं?

जर्मनीहून फाउंड्रीतलं कास्टिंग (ओतीव धातूचे भाग) बघायला आलेला खरेदीदार असो, दिल्लीहून खटल्यासाठी आलेले वकील असोत, नाहीतर नवरीकडचे मामा-मामी असोत, त्यांना उतरवायचं कुठं हा प्रश्न कोल्हापुरात हल्ली वरचेवर पडतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं सुरू झालं, तेव्हापासून तर जास्तच. घरातलं मोठं माणूस एकच सांगतं, "चांगलं फाइव्ह स्टार बघ." बघणारा मोबाइल काढतो, ॲपमध्ये पाच ताऱ्यांवर टिक करतो, लॉबीचा फोटो बघतो आणि पैसे भरतो. मग रात्री एक वाजता खालच्या हॉलमधल्या खुर्च्या ओढल्याचा आवाज ऐकत पाहुणा जागा असतो. तारे मात्र खरंच पाच असतात. त्यांत खोटं काही नसतं.

तारा नेमकं काय मोजतो हे कळलं, की निवड बरीच सोपी होते. भारतात हॉटेलांची अधिकृत वर्गवारी केंद्रीय पर्यटन मंत्रालय करतं. हॉटेल अँड रेस्टॉरंट अप्रूव्हल अँड क्लासिफिकेशन कमिटी नावाची समिती हॉटेलात येऊन तपासणी करते आणि एक ते पाच तारे, किंवा त्याहून वरचं 'फाइव्ह स्टार डिलक्स' देते. चार आणि पाच ताऱ्यांत मद्यसेवा असलेलं आणि नसलेलं असे दोन वेगळे प्रकार आहेत. त्यामुळे बार नाही म्हणून पाचवा तारा अडत नाही. हॉटेलला निदान दहा खोल्या लागतात. प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं, नंतर पुन्हा तपासणी. आणि हे सगळं ऐच्छिक आहे. एखाद्या मालकाने अर्जच केला नाही, तर त्याच्या हॉटेलला एकही सरकारी तारा नसतो. हॉटेल कितीही उत्तम असलं तरी.

समितीच्या हातात एक लांबलचक यादी असते. चोवीस तास गरम-गार पाणी आहे का, रिसेप्शन चोवीस तास उघडं असतं का, दिव्यांगांसाठी खोली आणि रॅम्प आहे का, आगीपासून बचावाची व्यवस्था, अन्न परवाना, सीसीटीव्ही, प्रशिक्षित कर्मचारी, सांडपाण्याची सोय. वरच्या वर्गात रात्रभर चालणारी रूम सर्व्हिस, कॉफी शॉप, व्यायामशाळा, पोहण्याचा तलाव या गोष्टी येतात. खोलीचं किमान क्षेत्रफळही ठरलेलं आहे: बाथरूम सोडून तीन ताऱ्यांना १३० चौरस फूट, चार ताऱ्यांना १४०, पाच ताऱ्यांना २००. आता हा २०० चा आकडा नीट बघा. दहा बाय वीसची खोली पाचव्या ताऱ्याला पुरते. मुंबईतल्या नव्या मोठ्या हॉटेलांत तीनशे-साडेतीनशे चौरस फुटांच्या खोल्या सर्रास असतात आणि त्यांनाही तारे पाचच. म्हणून फोटोवर भिस्त ठेवू नये. खोली मोठी दिसेल असा फोटो काढणं हे त्या फोटोग्राफरचं कामच आहे. संकेतस्थळावर क्षेत्रफळ लिहिलेलं असतं, बऱ्याचदा चौरस मीटरमध्ये. त्याला १०.७६ ने गुणायचं. २८ चौरस मीटर म्हणजे ३०१ चौरस फूट. दोघं जण मोठ्या बॅगा घेऊन तीन रात्री राहणार असतील, तर त्याच्या खाली जाऊ नये असं मला वाटतं.

यादीत काय आहे यापेक्षा काय नाही, हे जास्त महत्त्वाचं. लग्नाच्या बायोडेटात उंची, शिक्षण, पगार असतो, स्वभाव नसतो. तसंच इथं. तलाव आहे का हे यादी विचारते. तुम्ही जाल त्या आठवड्यात तो दुरुस्तीसाठी रिकामा केलाय का, हे तिला माहीत असण्याचं कारण नाही. गादी किती जुनी आहे, खिडकीतून ट्रकचा आवाज येतो का, पहाटे पाचला नळ सोडल्यावर गरम पाणी किती वेळाने येतं, रिसेप्शनवरच्या मुलाला खोली बदलून देण्याचा अधिकार आहे का? पाहुण्याची रात्र या गोष्टींवर ठरते.

जुन्या वाड्यांची आणि राजवाड्यांची वर्गवारी वेगळी आहे. १९५० पूर्वी बांधलेल्या वास्तूत हॉटेल असेल तर त्याला हेरिटेज वर्ग मिळू शकतो आणि त्यातही वरच्या पायऱ्या आहेत. रंकाळ्याकाठचा आपला शालिनी पॅलेस १९३१ ते १९३४ या काळात बांधला गेला आणि १९८७ मध्ये त्याचं हॉटेल झालं. म्हणजे वयाच्या अटीत तो सहज बसणारा. अशा वास्तूत राहायला जाताना लक्षात ठेवावं की जाड भिंती, उंच छत आणि लाकडी जिने हीच तिथली खरी श्रीमंती असते. मात्र प्रत्येक खोली वेगळ्या आकाराची असते, लिफ्ट असेलच असं नाही आणि बाथरूम नंतर कुठंतरी बसवलेलं असतं. गुडघेदुखीचे आजी-आजोबा बरोबर असतील तर आधी जिन्यांची चौकशी करावी.

आता ॲपवरचे तारे. बुकिंगच्या ॲपवर हॉटेलच्या नावापुढे दिसणारे तारे सरकारी समितीचेच असतील, असं अजिबात नाही. पुष्कळदा ते हॉटेलने स्वतः भरलेले असतात किंवा त्या ॲपने आपल्या हिशेबाने लावलेले असतात. खात्री करायची तर रिसेप्शनमागे लावलेलं प्रमाणपत्र बघावं: वर्ग कोणता आणि मुदत कधीपर्यंत. लांबून बुकिंग करताना फोनवर सरळ विचारावं, "पर्यटन मंत्रालयाचं क्लासिफिकेशन आहे का, कोणत्या वर्षीचं?" ज्याच्याकडे आहे तो लगेच सांगतो. "साहेब, आमचं फाइव्ह स्टारच आहे" एवढंच उत्तर आलं, तर काय समजायचं ते समजावं.

ताऱ्यांशेजारी दिसणारा ८.६ किंवा ४.३ हा आकडा वेगळाच, तो राहून गेलेल्या लोकांच्या मतांचा. हा आकडा अपेक्षेवर चालतो. दोन हजारांच्या स्वच्छ लॉजला ४.५ मिळतात, कारण लोकांनी फारसं काही मागितलेलं नसतं. पंधरा हजारांच्या हॉटेलला ४.१ मिळतात, कारण चहा आठ मिनिटं उशिरा आला. म्हणून एकाच दराच्या हॉटेलांचे आकडे तेवढे एकमेकांशी ताडून बघावेत. अभिप्राय वाचताना ताजे आधी लावावेत, मागच्या तीन-चार महिन्यांतले. एक तारा देणारे रागावलेले असतात आणि पाच देणाऱ्यांना कधी कधी चेकआउटच्या वेळी काउंटरवरच विनंती केलेली असते. दोन आणि तीन तारे देणारी माणसं सर्वांत कामाचं लिहितात. एकच तक्रार तीन वेगवेगळ्या माणसांनी केली असेल, उदाहरणार्थ 'बाथरूममधून वास', तर ती खरी धरावी. राहून गेलेल्यांनी काढलेले फोटो जरूर बघावेत. नळाभोवतीचा पांढरा थर आणि शॉवरच्या काचेच्या रबराखालची काळी बुरशी हॉटेलच्या स्वतःच्या फोटोत कधीच दिसत नाही.

परदेशी पाहुण्याच्या डोक्यात तारा म्हणजे त्याच्या देशातला तारा असतो, कारण जगभर चालेल अशी एकच पद्धत नाहीच. युरोपातल्या बऱ्याच देशांनी २००९ पासून हॉटेलस्टार्स युनियन नावाची एकत्र, गुणांवर चालणारी पद्धत स्वीकारली आहे. जर्मनी त्यात आहे. तिथं एखादं हॉटेल आपल्या वर्गापेक्षा बरेच जास्त गुण मिळवत असेल, तर ताऱ्यांपुढे 'सुपीरियर' लागतं. फ्रान्समध्ये पाच ताऱ्यांच्या वर 'पॅलेस' हा वेगळा मान २०१० पासून आहे. अमेरिकेत सरकार तारे देतच नाही. तिथं एक वाहनचालक संघटना हिरे देते आणि फोर्ब्ज ट्रॅव्हल गाइड आपले निरीक्षक पाठवून तारे देतं. दुबईच्या बुर्ज अल अरबला लोक 'सेव्हन स्टार' म्हणतात, पण असा अधिकृत वर्ग कुठंच नाही. तेव्हा शिरोलीच्या फाउंड्रीत आलेल्या जर्मन अभियंत्याला ताऱ्यांची संख्या कळवण्याऐवजी खोलीचं क्षेत्रफळ, कारखान्यापर्यंतचं अंतर, वायफायचा वेग आणि नाश्त्याची वेळ कळवावी. त्याला तेच हवं असतं. कारखाना कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत असेल, तर शहराच्या त्या बाजूचं हॉटेल घेतल्यास त्याचा रोजचा बराच वेळ वाचतो.

मोठ्या साखळीतलं हॉटेल असेल तर ताऱ्यांपेक्षा ब्रँडची पायरी जास्त सांगते. एकाच कंपनीची तीन-चार नावं असतात आणि प्रत्येकाचा दर्जा तिने स्वतः ठरवलेला असतो. टाटांच्या इंडियन हॉटेल्स कंपनीत ताज वेगळं, विवांता वेगळं, जिंजर वेगळं. मॅरिएटमध्ये जेडब्ल्यू वर, कोर्टयार्ड मधे, फेअरफील्ड खाली. गादी, चादर, फोन किती वेळात उचलायचा, सगळं लिहून ठेवलेलं असतं आणि कंपनीची माणसं ते पुन्हा पुन्हा तपासतात. सरकारी तपासणी पाच वर्षांनी एकदा. तरी एक गोष्ट विचारून घ्यावी: हॉटेल कंपनी स्वतः चालवते की फ्रँचायझी आहे? फ्रँचायझीत पाटी कंपनीची असली तरी माणसं आणि रोजचा कारभार मालकाचा असतो. मालक चांगला असेल तर हॉटेल उत्तम चालतं, पण अनुभव शहरागणिक बदलतो.

पैशांत सर्वांत मोठी मेख जीएसटीची आहे आणि तिचा ताऱ्यांशी काहीही संबंध नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून खोलीचं एका रात्रीचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्यापुढे १८ टक्के. भाडं ७,४०० असेल तर कर ३७० आणि बिल ७,७७०. भाडं ७,६०० असेल तर कर १,३६८ आणि बिल ८,९६८. दरात फरक दोनशेचा, बिलात जवळजवळ बाराशेचा. रेषेच्या जरा वर दर सांगितला, तर "७,५०० च्या आत बसवता येईल का?" असं विचारायला लाजू नये. हॉटेललाही खोली भरलेली हवी असते. शिवाय १ एप्रिल २०२५ पासून, ज्या हॉटेलात आदल्या आर्थिक वर्षात एका जरी खोलीचं भाडं ७,५०० च्या वर गेलं होतं, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये जेवणावर १८ टक्के लागतात. बाकी ठिकाणी सहसा ५. १८ टक्क्यांच्या हॉटेलात तुम्ही स्वतः स्वस्त खोलीत राहिलात तरी जेवणाला १८च. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. लावलेला दिसला तर काढायला सांगावा. आणि उद्योजकांसाठी एक: मुंबई-पुण्याच्या हॉटेल बिलावर आपला जीएसटी क्रमांक घातला, तर क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळू शकतं. दिल्ली किंवा चेन्नईच्या मुक्कामाचा कर त्या राज्याचा असतो, तिथं तुमची नोंदणी नसेल तर तो गेलाच.

दराबरोबर इंग्रजी अक्षरं येतात. ईपी म्हणजे फक्त खोली, सीपी म्हणजे नाश्त्यासह, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे तिन्ही वेळचं. कोल्हापुरात एमएपी घेऊ नये असं माझं ठाम मत. पाहुण्याला तांबडा-पांढरा रस्सा खायला घालायचा तो बाहेर चांगल्या खानावळीत. हॉटेलच्या बुफेत तो सगळ्यांना चालेल इतका सौम्य केलेला असतो.

आता झोपेचं. बुकिंगनंतर, पण पाहुणा यायच्या आधी, हॉटेलच्या स्वतःच्या नंबरवर फोन करावा. ॲपच्या कॉल सेंटरला इमारत माहीत नसते. विचारावं, "त्या दिवशी बँक्वेट किंवा लॉनवर कार्यक्रम आहे का?" तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की बहुतेक मोठ्या हॉटेलांत असतोच. लाउडस्पीकर रात्री दहाला कायद्याने बंद होतात. पण नंतर एक-दीडपर्यंत टेबलं उचलणं, भांडी, टेम्पो भरणं चालतं. म्हणून खोली हॉलच्या उलट बाजूची, दोन-तीन मजले वरची मागावी. लिफ्टला लागून नको, कारण लिफ्टच्या घंटेपेक्षा लोकांचं बोलणं जास्त जागं ठेवतं. जिमच्या खाली नको. आणि शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार असलेली खोली नको. कुटुंबांना सोयीची म्हणून अशा जोडखोल्या सगळ्या मोठ्या हॉटेलांत असतात, पण भिंत अडवते तेवढा आवाज दार अडवत नाही. पलीकडच्याचा टीव्ही शब्दन्‌शब्द ऐकू येतो.

महामार्गाच्या बाजूची खोली असेल तर खिडकीची काच दुहेरी आहे का, हे विचारावं. दोन काचांमधली हवेची पोकळी ट्रकचा आवाज बराच खाते. त्यातही सरकती खिडकी असेल तर फटीतून आवाज येतोच. बाहेर उघडणारी, रबर लावून घट्ट बसणारी खिडकी चांगली.

गरम पाण्याची गंमत कळून घेण्यासारखी आहे. मोठ्या इमारतीत पाणी एका जागी तापतं आणि पाइपातून वर जातं. चांगल्या हॉटेलात त्याला परतीची पाइपलाइन आणि एक छोटा पंप असतो. पाणी सतत फिरत राहतं, त्यामुळे नळ सोडला की काही सेकंदांत गरम येतं. हा पंप वीज वाचवायला रात्री बंद ठेवला, किंवा परतीची लाइनच टाकलेली नसली, तर पाइपातलं थंडगार पाणी आधी वाहून जावं लागतं. अंबाबाईच्या काकड आरतीला निघालेला पाहुणा पहाटे चारला नळाखाली बादली भरत उभा राहतो. त्या मजल्यावर सगळ्यांत आधी उठलेला तोच असतो, त्यामुळे फटका त्यालाच. फोनवर एवढंच विचारायचं, "पहाटे चारला गरम पाणी येतं का, आणि किती वेळाने?"

पावसाळ्यात दुसरी अडचण ओलीची. खोलीतून बाहेर पडताना कार्ड काढलं की एसी बंद होतो आणि कोल्हापूरची जुलैची हवा आत शिरून गालिचात, गादीत मुरते. एसीच्या पाण्याच्या ट्रेमध्ये शेवाळ साचलं असेल तर चालू करताच कुबट वास येतो. पावसाळ्यात लाकडी किंवा फरशीची जमीन असलेली खोली मागावी.

पावसाळ्याचंच आणखी एक, आणि ते गंभीर आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीची कुंभार गल्ली, नागाळा पार्कचा काही भाग पाण्यात गेला. जुलै-ऑगस्टचं बुकिंग करताना बाहेरगावच्या पाहुण्याला हे कोणी सांगत नाही. आपण सांगितलं पाहिजे. हॉटेलला विचारावं की त्या दोन वर्षांत पाणी कुठपर्यंत आलं होतं आणि जनरेटर व विजेचं पॅनेल तळघरात आहे का. तळघरात असेल तर पाणी शिरल्यावर पहिली जाते ती वीज. मग लिफ्ट, पाण्याचे पंप आणि एसी सगळंच थांबतं, खोली सातव्या मजल्यावर कोरडी असली तरी. या महिन्यांत रद्द करता न येणारा स्वस्त दर घेऊ नये.

जागेबद्दल एक स्पष्ट सांगायला हवं. वरच्या दर्जाची हॉटेलं देवळाला लागून नाहीत. ती कावळा नाका, ताराबाई पार्क, स्टेशन रोड या बाजूला किंवा महामार्गावर आहेत. महाद्वार रोडच्या परिसरात मोठ्या इमारतीला आणि पार्किंगला जागाच नाही, आणि नवरात्रात तिथं गाड्या अडवतात. पाहुणा फक्त दर्शनाला आला असेल आणि वयस्कर असेल, तर देवळापासून पायी अंतरावरचं साधं, स्वच्छ, तीन ताऱ्यांच्या तोडीचं हॉटेल त्याला जास्त सुखाचं.

आपण कोल्हापूरहून बाहेर जातो, तेव्हा वेळेचं गणित फसतं. महालक्ष्मी एक्स्प्रेस मुंबईला सकाळी सातच्या सुमारास पोचते आणि हॉटेलचं चेक-इन बहुतेक ठिकाणी दुपारी दोनला असतं. मधले सात तास आई-वडिलांना लॉबीत बसवायचं का? रुग्णालयात तपासणीला नेलेलं असेल तर ते फारच वाईट. अर्ली चेक-इनचं आश्वासन 'उपलब्ध असेल तर' असं असतं, आणि हॉटेल आदल्या रात्री भरलेलं असेल तर खोली नऊ-दहापर्यंत रिकामी होतच नाही. खात्री हवी असेल तर आदल्या रात्रीपासूनच बुकिंग करावं आणि "सकाळी सातला पोचतोय, खोली सोडू नका" असं लेखी कळवावं. नाहीतर रात्री न आल्याचं धरून ते खोली दुसऱ्याला देतात. एका रात्रीचे पैसे वाचवायचे असतील तर निदान सामान ठेवायला आणि अंघोळीला जागा मिळेल का, हे विचारून ठेवावं. तलाव किंवा जिम असलेल्या हॉटेलात शॉवर असतातच.

खोलीत गेल्यावर बॅग उघडण्याआधी दहा मिनिटं द्यावीत. गरम पाण्याचा नळ सोडून मोबाइलवर वेळ लावावी. एसी चालू करून वास घ्यावा. पडदे पूर्ण ओढून दिवे मालवावेत, म्हणजे उजेड कुठून येतो ते कळतं. गादीच्या कडेची चादर उचलून शिवणीत काळे ठिपके आहेत का ते बघावं, ढेकणांची खूण तिथंच असते. फ्लश करून टाकी भरते का बघावं. दारामागचा आगीच्या वेळचा नकाशा बघून जिन्यापर्यंत किती दारं आहेत ती मोजावीत, कारण धुरात पाटी दिसत नाही. काही खटकलं तर त्याच क्षणी खाली फोन करून खोली बदलून मागावी. सामान लावायच्या आधी खोली बदलून देणं हॉटेललाही सोपं असतं, गादीही विस्कटलेली नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी केलेल्या तक्रारीवर फार तर फळांची टोपली येते. पाहुण्याला खोलीपर्यंत सोडायला आपण गेलो असू, तर ही दहा मिनिटं आपणच थांबावं. पाहुणा संकोचाने बोलत नाही.